मामाच्या कवळीचं माप

लोकांची तोंडं आतून किती घाण असतात, ते कवळ्या बनवणाऱ्यांना विचारावं. घरात जिला धाकटी म्हणत, ती वर्षानुवर्षं परक्यांच्या हिरड्यांची मापं थुंकीच्या वासासकट हाताळत आली होती, आणि दुपारी डबाही चवीने खात होती. पण मामाने जवळच घर घेतलं आणि सगळं बिनसलं. कवळीचं गुलाबी मेण तापवलं की तिला मामाच्या तोंडाचा तोच तंबाखूचा आंबूस वास यायचा, गाल ओला झाल्यासारखा वाटायचा, आणि ती ओकायला मोरीकडे पळायची. मालकाने स्पष्टच सांगितलं, "बरी हो, नाहीतर दुसरं काम बघ."

म्हणून ती मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली. बाई समोर बसून दोन बोटं डावीउजवीकडे फिरवत. धाकटीने लहानपणची ती मागच्या खोलीतली दुपार मनात धरायची, नजर बोटांमागे न्यायची, आणि बोटं थांबली की काय वर आलं ते सांगायचं. दर वेळी वर यायची ती किळसच. मामाची नव्हे, स्वतःच्याच गालाची. तेव्हा तिने तो दगडाने घासून सोलून काढला होता. आईला सांगितलं, तर आई म्हणाली होती, "मामा आहे, लाड करतो."

शेवटी बाई विचारत, "शून्य ते दहा, आता त्रास किती?" बाहेर बाकावर आई बसलेली असे. धाकटी दिसली की भाजीचा भाव विचारावा तसं विचारी, "आज किती?" आकडा उतरला की तिचा चेहरा खुले. आईला आपली काळजी आहे, असं धाकटीला वाटे. वेडी कुठली!

शून्य झालं त्या दिवशी दोघी घरी आल्या, तर टेबलाशी मामा बसलेला, तोंडाचं पार बोळकं झालेलं.

"शून्य झालं ना? म्हणजे मनातलं गेलं सगळं," आई म्हणाली. "आता दादाची कवळी तूच कर. बाहेरची त्याला टोचते."

शून्य म्हणजे माफी! आईने परस्पर देऊनही टाकली होती.

"घे बाळ, माप घे," म्हणत मामाने आ वासला. तोच वास. आता मोरीकडे पळावं लागणार म्हणून धाकटी थांबली. पळावं लागलं नाही. तिने नीट बघितलं. जिभेवर पिवळा थर, ओठांच्या कोपऱ्यात साचलेली लाळ. एक घाणेरडा म्हातारा, बाकी काही नाही. किळस आली, चांगली सणसणीत आली, पण तिच्या गालापर्यंत पोचली नाही.

"तोंड मिटा," ती म्हणाली. "दार लावून माझ्याशी जे केलंत, ते मी विसरलेली नाही. तुमच्या तोंडात मी हात घालणार नाही. उठा, आणि पुन्हा ह्या घरात येऊ नका."

मामा आईकडे बघू लागला. आईला रडू फुटलं. "अगं, पण तू बरी झालीस ना?"

"झाले ना. इतकी वर्षं मला माझीच किळस यायची. आता ह्याची येते."

आईने समजूत काढायला तिच्या गालाकडे हात नेला. धाकटी मागे सरकली.

"आणि तुझीही."