जुसोहचा चाफा

"सेनाह, तो चाफा आहे का गं? कबरस्तानातला?" मी कुंपणावरून ओरडले.

सेनाहनं मान वर केली नाही. अंगणात मासळीचे पापड वाळत होते. त्यांच्या कडेला मातीत हातभर फांदी खुपसून ती तांब्यानं पाणी ओतत होती. पानं खुडलेल्या जागी अजून पांढरा चीक होता.

"चाफाच आहे. दिसतंय की."

"अगं, घरात कुणी लावतं का हे? वासानं हडळ येते. आधी माझ्याच दारात उभी राहील!"

"तुला बघून परत जाईल."

आमच्याकडे, मलेशियातल्या केलांतानच्या किनाऱ्यावर, चाफा कबरीवर लावतात. माझे वडील कबरी खणायचे, त्यामुळे मला दोन गोष्टी लहानपणापासून ठाऊक. एक, हे झाड मेलेल्यांचं. दुसरी, फांदी तोडली की आठवडाभर सावलीत नुसती टाकून ठेवायची. कापावर खपली धरली की रेताड मातीत लावायची आणि मुळं धरेपर्यंत पाणी जवळजवळ दाखवायचंच नाही. सेनाह मात्र टॅपिओकाची कांडी लावावी तशी ताजी फांदी खुपसून रोज भिजवत होती. ती कुजणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी मूग गिळून बसले.

बारा दिवसांत फांदी बुडाशी काळी पडून आडवी झाली. सेनाहनं दुसरी आणली, तीही गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तशी ही बाई मुलखाची हट्टी. पहाटेपासून मासळी कुटायची, पिठात मळायची, उकडायची, पापड कापायचे, यातच तिचा जन्म चाललेला. तिचा नवरा जुसोह अकरा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडीच्या दोन फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणूस लागला नाही. कुणी विचारलं की ही म्हणायची, "दर्यावर गेलेत." इमामसाहेब मयताची दुआ करायला आले, तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दर ईदला त्याचा सदरा इस्त्री करायची.

तिनं तिसरी फांदी आणली तेव्हा माझा तोल सुटला.

"एवढी हौस आहे तर जाऊन नवऱ्याच्या कबरीवर लाव ना!"

बोलले आणि जीभ चावली.

"कुठंय कबर?" सेनाहनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "अकरा वर्षं येतील येतील म्हणत बसले, रोकियाह. आता नाही यायचे ते. मग कुराणातल्या दोन आयती म्हणायला मला एक जागा नको?"

अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. वळसा घालून मी तिच्या अंगणात गेले आणि फांदी तिच्या हातातून काढून घेतली.

"आण इकडं. असं नसतं लावत."

"तुला येतं?"

"येतं."

"आधीपासून?"

मी मान खाली घातली.

"म्हणजे हडळ तूच की गं, मेले!" ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले.

फांदी आठ दिवस खांबांवर उभ्या माझ्या घराखालच्या सावलीत पडून होती. मग आम्ही दोघींनी ती रेतीत लावली. दीड महिना काहीच नाही. सेनाह तांब्या घेऊन निघायची आणि मी ओरडायची. एका दुपारी टोकाला नखाएवढं हिरवं दिसलं.

आमच्यात कबरस्तानात शिरताना आधी तिथल्यांना सलाम करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळण मागायला सेनाहकडे गेले. एरवी मी रस्त्यातूनच हाका मारत शिरते. त्या दिवशी फाटकाशी थांबले, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि त्या फांदीकडे बघून म्हणाले, "अस्सलाम अलैकुम, जुसोहभाऊ."

पापड कापणारा सेनाहचा हात थांबला. मग तिनं थोडं सरकून चटईवर मला जागा करून दिली.