सुईवर बंदी

जत्रेच्या कुस्त्यांत ताकदीची इंजेक्शनं घेणाऱ्या पैलवानांवर बंदी घालायची का, यासाठी पंचांची बैठक भरली होती.

"अंग त्याचं, सुई त्याची. आपून कोन अडवनार?" वीरभद्रअप्पा म्हणाले. माना डोलल्या.

समोर माझा नातू रविकांत बसला होता. यंदा मानाची कुस्ती त्याचीच होती. परभणीहून सुया आणायला लागल्यापासून झोपेतही त्याची छाती धडधडताना मी पाहत होतो.

"बंदी कुनाला पायजे? हात वर करा," अप्पांनी विचारलं.

मी हात वर केला. मी बैठकीत कधीच बोलत नाही.

"काय आबा, पानी पायजे का?" अप्पा म्हणाले. सगळे हसले.

"न्हाई. बंदी पायजे," मी कसंबसं म्हणालो.

रविकांत माझ्याकडं न बघता उठून गेला. दुसरा एकही हात वर नव्हता. मला माझा खाली घेववेना.