बिननारळाचा नियम

नवऱ्यानं पाणी सोडलं, हे बायकोला शेजारणीकडून कळावं, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी गेटात भाजीवाल्याची वाट बघत उभी होते. शेजारच्या श्यामलाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या, रस्त्यापलीकडून म्हणाल्या की आक्का, तुमच्या आण्णांची कमाल आहे हो, या वयात दिवसातून एकदाच पाणी. मी म्हटलं, व्हय की. आणि आत येऊन भाकरी थापायला बसले. घरातली बातमी घरातच पोचली नाही हे शेजारणीला दाखवण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

आम्ही जैन. भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. त्यात कुणी उपास धरतं, कुणी एकाशन करतं. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायला बसायचं आणि पाणीही त्याच बैठकीला प्यायचं. आमच्या मालकांनी ते पर्वाच्या आधीच चालू केलं आणि बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मी नसताना जाहीर करून टाकलं की हा आता कायमचा नियम. दुपारचं जेवण मी वाढत होते, पण सकाळचा चहा आणि संध्याकाळचं जेवण बंद झालं ते पित्तामुळं, असं मला सांगितलं होतं. बस्तीतल्या सुना येऊन पाया पडायला लागल्या. मालक डोळे मिटून आशीर्वाद द्यायचे. डोळे मिटायला कुठं शिकले कोण जाणे, आमच्या घरात तशी पद्धत नाही.

मला शंका आली ती लेंग्यावरून. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतःचं ताट उचललेलं नाही. आणि आता रोज सकाळी आतून कडी लावून स्वतःचा लेंगा धुवायचा, पिळायचा आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं वाळत घालायचा. टाकीमागं ऊन येत नाही. लेंगा संध्याकाळपर्यंत दमट आणि त्याला वास. सून आदिती म्हणाली, आई, आण्णा किती स्वावलंबी झालेत. आदिती बँकेत कर्ज देते. कागद बघितल्याशिवाय सख्ख्या भावावर विश्वास ठेवायची नाही, पण सासऱ्यावर ठेवते.

उन्हाळ्यात मालकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की काही महिने लघवी गळेल, उठता-बसता थेंब जाईल, व्यायाम करा आणि दाखवायला येत जा. मालक एकदा जाऊन आले आणि सगळं बरं हाय म्हणाले. आता ध्यानात आलं. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे गळायचा प्रश्न नाही. दुपारी जेवताना चार घोट, नंतर घरातच बाथरूमच्या आसपास, आणि संध्याकाळी कोरडं होऊन बस्तीत प्रवचनाला पहिल्या रांगेत. डोकं चालवलं होतं, नाही असं नाही.

राहिला नियम. आमच्यात नियम नुसता तोंडानं बोलून लागत नाही. मुनी महाराजांपुढं नारळ ठेवायचा, ते नियम देतात, मग तो लागतो. नारळ माझ्या कोठीत असतात आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला. या नियमासाठी घरातून नारळ गेलेलाच नव्हता. बाहेर विकत घ्यावा, तर नारळ वाजवून घेतात हेसुद्धा या माणसाला ठाऊक नाही. म्हणजे नियम असा नव्हताच. नुसता लेंगा होता.

तरी मी गप्प बसले. ज्याचं त्याला झाकायचा हक्क असतो. मी तरी कुठं सगळं सांगत बसते? बस्तीत मी बाजूच्या दाराजवळ, खांबाला टेकून बसते. पुढं या म्हणून बोलावतात, मी जात नाही. पद्मावतीआक्काला चार बायकांत बसायला कमीपणा वाटतो, असं बोललं जातं. मी बोलू देते.

पण मग सम्मेद आला. सम्मेद बस्तीचा अध्यक्ष, पोरगा चांगला, फक्त त्याला माईक दिसला की आवरत नाही. पर्व संपलं की उपास करणाऱ्यांचा सत्कार असतो, तो रविवारी ठरला होता. सगळ्यांत वरची खुर्ची आण्णांना, शाल, हार, आणि संयमावर दोन शब्द. मालक नको नको म्हणाले. सम्मेदनं आणखी एकदा म्हणावं एवढी जागा ठेवून म्हणाले. तो म्हणाला, आणि यांनी डोळे मिटले.

रविवारच्या आधीच, ओला लेंगा घेऊन गच्चीवर जाताना मालक जिन्यातच खाली बसले. डोळ्यांपुढं अंधार, अंग तव्यासारखं. मुलगा अरिहंत कागलला दुकानावर, म्हणून आदितीनं गाडी काढली. डॉक्टरांकडं मालक मला म्हणाले, तू बाहेर बस. मी आत बसले.

डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झालेत. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला टोचते, आणि थांबायच्या ऐवजी जास्तच गळते. असंच चाललं तर किडनीवर जाईल. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, लागलेली नसली तरी ठरल्या वेळी जाऊन या, व्यायाम करा, आणि तोवर पॅड वापरा, पुरुषांचे वेगळे मिळतात. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझा नियम हाय. झालं. डॉक्टर आमच्याच गावचा माणूस, नियम म्हटल्यावर त्यानं हात जोडले आणि तुमच्या महाराजांना विचारून घ्या म्हणाला. एवढं शिकलेला माणूस एका न गेलेल्या नारळापुढं हरला.

घरी आल्यावर मालकांनी गोळी कोरडीच गिळली. ती घशात अडकून ते खोकले. खोकल्यानं काय झालं असेल ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आदितीनं डॉक्टरांची चिठ्ठी वाचून वाटेत मेडिकलसमोर गाडी थांबवली होती. आणलेलं पॅडचं पाकीट तिनं साडीच्या दुकानाच्या पिशवीतून माझ्या हातात दिलं. सून माझ्या हाताखाली तयार झालेली आहे. तिला मी बँकेत पाठवून दिलं, खोलीचं दार लोटलं, आणि गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या पलंगाजवळ ठेवला.

मालक म्हणाले, "नियम मोडू व्हय आता?"

"नारळ न्हाय गेला घरातनं," मी म्हटलं. "महाराजांनी दिला न्हाय, तुमी घेतला न्हाय. मोडणार काय?"

त्यांनी पांघरूण कानापर्यंत ओढलं. मग भिंतीलाच म्हणाले, "चार लोकांत बसायचं कसं मग? डाग दिसला म्हंजे? परत बस्तीची पायरी चढायची कुठल्या तोंडानं?"

ऑपरेशनपासून एवढंच खरं बोलले. मी माझी ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूखाली जुन्या सुती लुगड्याच्या घड्या असतात, मऊ, उन्हात वाळवलेल्या. त्यातली एक काढून त्यांच्या हातात दिली. हे काय म्हणून त्यांनी उलटीपालटी करून बघितली.

"माझं हाय," मी म्हटलं. "आपली पोरगी रोहिणी झाली त्या बाळंतपणापास्नं. शिंकलं की गळतंय, हसलं की गळतंय, म्हणून हसत न्हाय. रोहिणीची पोरं आता कालेजात जात्यात. तुमाला कवा कळलं? सम्मेदला कळलं? बस्तीत दाराजवळची जागा काय वारं खायला धरलीया व्हय मी? घरातनं निघताना जाऊन यायचं, गडद नेसायचं, घडी घ्यायची, आणि धुतलेलं उन्हात वाळवायचं, टाकीमागं न्हाय. एवढंच असतंय ते. त्याला साधू व्हावं लागत न्हाय. माझी ही घडी जुनी झाली, पिशवीत तुमचं नवं आणलंय सुनेनं, ते घाला. हे पाणी प्या. आणि सम्मेदला आत्ता फोन लावा. डॉक्टरनं एकाशन बंद केलंय, सत्कार नको, म्हणून सांगा. शाल आणली असंल तर परत करू नको म्हणावं, हिकडं पाठवून दे. ती माझी हाय."