पाण्याची ओळ

तिसऱ्या वर्षीही पाण्याची ओळ आजारी पडली तेव्हा मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

सन १९५८. आसेगावच्या सरकारी रोपवाटिकेत मी शेतकी सहायक होतो. तंबाखूच्या पानांवर फिके हिरवे चट्टे पाडणारा एक विषाणू असतो. बाहेर प्रथिनाचं कवच, आत आर.एन.ए.चा बारीक धागा. कवच उतरवून नुसता धागा पानाला चोळला तरी रोग होतो, असं परदेशात दिसलं होतं. नागपूरच्या प्राध्यापकांना ते आपल्या रोपांवर पाहायचं होतं. म्हणून मी रोगट पानांचा रस फिनॉलमध्ये घुसळत बसायचो. प्रथिन वेगळं व्हायचं, धागा वरच्या पाण्यात राहायचा. मग रोपांच्या तीन ओळी. पहिलीला रस चोळायचा, दुसरीला धागा, तिसरीला नुसतं पाणी. ही पाण्याची ओळ निरोगी राहिली तरच धाग्याबद्दल काही बोलता येणार, आणि मला नागपूरच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार. त्या आशेवर मी तीन वर्षं त्या फिनॉलचा वास सोसला.

मागच्या वर्षी दोष मी रुपाबाईला दिला होता. ती जवळच्या तांड्यावरची, रोपांना पाणी घालायची. तिला मी दहादा साबणानं हात धुवायला लावायचो, तरी अहवालात लिहिलं, ‘मजुरीण रुपाबाई हिच्या निष्काळजीपणामुळे.’ तिचं सरकारी काम बंद झालं. यंदा पाणीही मीच घातलं, दुसऱ्या कुणाला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. तरी चट्टे आलेच.

थकून बांधावर बसलो आणि चंची काढली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळायला लागलो. अंगठा तिथंच थांबला. याच अंगठ्यानं मी पानं चोळत होतो! बार भरायचा, हात धोतराला पुसायचा आणि कामाला लागायचं, तीन वर्षं हेच. वाळल्या तंबाखूतही हा विषाणू टिकतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मीच दिली होती. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

उन्हं कलताना तांड्यावर गेलो. रुपाबाई लावणीसाठी मिरचीची रोपं उपटत होती. मी वाफ्याकडे वळलो तशी ती उठली आणि ताकाचा गडवा पुढे केला.

“हात बुडवा साहेब. तंबाखू खानाऱ्याले आमी तसंच रोपाजवळ येऊ देत नाई.”

“हे तू मले कधी सांगतलं नाई, बाई.”

“सांगतलं नाई कसं? पयल्याच वर्षी सांगतलं. तुमी हासले. ताकानं कायचा रोग जाते म्हने!”

मला आठवलं. हसलो होतो खरा.

ताकात हात बुडवले आणि तसंच उभ्यानं तिला सगळं सांगितलं. रोग माझ्या हातचा होता, नाव मात्र तिचं लिहिलं. ऐकता ऐकता ती पुन्हा रोपं उपटायला लागली.

“त्या कागदावरचं माहं नाव खोडता येते का?”

“तो कागद नागपूरले गेला. आता दुसरा लिवा लागते.”

“मंग लिवा.”

“त्यात माहं नाव येईन. नागपूरची जागा जाईन माही.”

“माहं नाव आलं तवा मी बी घरीच बसली, साहेब.”

तिनं हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी वहीचं पान फाडलं आणि ओल्या हातानं तिथंच लिहिलं. ‘तिन्ही वर्षी पाण्याच्या ओळीत आलेला रोग सहायक जगदेव याच्या हातून गेला. मजुरीण रुपाबाई हिचा काहीही दोष नाही.’

“वाचून दावा.”

मी वाचलं. तिनं हातातली रोपं खाली ठेवली, मातीचे हात लुगड्याला पुसले.

“अजून एक डाव वाचा,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.