तळेघरच्या पुढची गावं

वारूळवाडीत त्या काळी सायकली घरोघर होत्या, पण हौसेनं लांबलांब सायकल मारणारा माणूस एकच, दादाभाऊ. नारायणगावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तो कामाला होता. गुरुवारी दुकान बंद. त्या दिवशी पहाटे पाचला चंद्री म्हशीची धार काढायची, भाकरी फडक्यात बांधायची आणि काळ्या दणकट सायकलवर टांग टाकायची, हा त्याचा नेम. संध्याकाळी पाचच्या धारेला मात्र गोठ्यात हजर. चंद्रीचं रेडकू आठव्याच दिवशी गेलं होतं, आणि तेव्हापासून ती फक्त दादाभाऊच्या हाताला पान्हा सोडायची. त्याची बायको अंजना दोनदा बसली, दोनदा लाथ खाऊन उठली.

त्यामुळे दादाभाऊ रस्ता घड्याळानं मोजायचा. अकरा वाजले की असेल तिथून माघारी. त्याचे अकरा नेहमी तळेघरलाच वाजत. पुढं भीमाशंकर, तिथं रस्ताच संपतो. तो शेवट त्यानं कधी पाहिला नव्हता.

"काय राव," शेजारचा सावळाराम चिडवायचा, "देवाच्या दारातनं माघारी येणारा तूच एक!"

"म्हशीला सांग की," म्हणून दादाभाऊ हसायचा.

त्या हसण्यामागचं अंजनाला कळायचं. सव्वाशे किलोमीटर तुडवून, घाट चढून-उतरून आलेला माणूस तोंडावर पाणी मारतो आणि बादली घेऊन बसतो, कपाळाला आठी नाही, याचं तिला फार अप्रूप होतं. तोंडानं कधी बोलली नाही, एवढंच.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, एका बुधवारी, ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "उद्या अकराला वळू नका."

"आन् चंद्री?"

"मी हाय की."

"लाथ खाशील. पान्हा चोरायला लागली तर आटंल ती."

"लागंल ते माझ्या ढोपराला लागंल. तुमी जावा."

म्हणाली खरी, पण घरची सगळी भिस्त त्या दुधावर होती. गुरुवारी तीन वाजल्यापासूनच ती गोठ्यात खेपा घालायला लागली.

पाच वाजले. शेजारच्या झुंबरबाईनं सांगितलं होतं म्हणून तिनं दादाभाऊचा न धुतलेला सदरा अंगात घातला. चंद्रीनं बाही हुंगली आणि बादली उडवली.

"अगं, सदरा घातला म्हून नवरा व्हतीस व्हय!" कुंपणापलीकडून झुंबरबाई खदखदली.

"तुमीच सांगितलं ना!" अंजना चिडली.

पुन्हा बसली. कास तट्ट, पण थेंब नाही. सहा वाजत आले. चंद्री कान टवकारून रस्त्याकडं बघत होती. तशी अंजनाला आठवण झाली. गुरुवारी धार काढताना दादाभाऊ काहीतरी पुटपुटत असे. तो म्हशीला त्या दिवसाचा रस्ता सांगायचा, गाव न् गाव. चुलीपाशी बसून ऐकून ऐकून अंजनाला तो पाठ होता.

तिनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. "नारायणगाव सोडलं बरं का चंद्रे. कळंब आलं. मंचरला च्या घेतला, उजव्या हाताला वळलो..."

चंद्रीचा कान मागं वळला. घोडेगावापाशी ती रवंथ करायला लागली. शिनोली म्हणताना पहिली धार बादलीत वाजली. डिंभे, धरणाचं पाणी, पोखरीचा घाट. अंजनानं तो घाट कधी पाहिला नव्हता, तरी बरोबर त्याच्यासारखी थांबून म्हणाली, "हितं उतरलो न्हाई, बसूनच चढलो." आणि म्हणताना तिचाच ऊर भरून आला.

तळेघर आलं. गावं संपली, पण बादली अर्धीच. धार बारीक होऊ लागली. पुढचं तिला कुठं ठाऊक होतं? घाईघाईनं ती तिथूनच माघारी वळली. पोखरी, डिंभे, शिनोली... वारूळवाडीला पोचली तेव्हा फेस काठाला लागला होता.

दिवे लागल्यावर घंटी वाजली. दादाभाऊ धुळीनं माखलेला. त्यानं आधी बादलीकडं पाहिलं.

"दिलं?"

"दिलं."

तो उंबऱ्यावर टेकला. "रस्ता संपला बघ अंजना. पुढं नुसतं रान." मग त्याची नजर तिच्या अंगाकडं गेली. "माझा सदरा का गं घातलाईस?"

"ते ऱ्हाऊ द्या," अंजना म्हणाली. "तळेघरच्या पुढं कुठली गावं लागत्यात, ती आधी सांगा. मला पुढच्या गुरवारी लागतील."