अक्काला दिसावे म्हणून

मित्रांनो, मी एक जुने, दोन आसनांचे विमान आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे पंख आरशासारखे चमकत. पुढे वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेत मी राबले. शिकाऊंनी मला धावपट्टीवर बेडकासारखे आपटले, पण मी कोणाला इजा होऊ दिली नाही. मला सारे 'शहाणे विमान' म्हणत. म्हातारपणी धुळ्याच्या लोटनशेठांनी मला घेतले. ते कापसाचे व्यापारी, पन्नाशीत उडायला शिकलेले.

त्यांना एकच हौस होती. अमळनेरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, ताईबाईअक्काने, आपल्याला उडताना पाहावे! उंचावर कोण ओळखणार? म्हणून उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी मला घरांच्या अगदी वरून नेले.

त्या दिवशी अक्काच्या अंगणात खाटांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे खान्देशी पापड, वाळत होते. गल्लीतल्या बायांनी मिळून ते पहाटेपासून घातले होते. माझ्या आवाजाने शेळ्या बिथरल्या आणि खाटांवरून उड्या मारत पळाल्या. विमानात कोण आहे, हे अक्काने लगेच ओळखले. सगळे बिबडे तुडवले गेलेले पाहून, हातातले फडके हलवत ती ओरडली, "वर जाय रे लोटन! बठ्ठा बिबडा गयात!"

इंजिनाच्या आवाजात ते कुठले ऐकू येणार? "पाहिलंस? अक्का बोलावतेय," शेठ मला थोपटत म्हणाले आणि वळून आणखी खाली आले.

अंगणामागे विजेचे खांब होते. मित्रांनो, वरून खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. शेतांच्या रंगात त्या विरून जातात. आणि इतक्या खाली चूक सुधारायला जागाच नसते. शेठांना तार दिसली तेव्हा ती नाकासमोर होती. त्यांनी दांडा ओढला, मी होते नव्हते ते बळ लावले. चाके तारेवरून वीतभर अंतराने गेली. शेठांनी मला सरळ धुळ्याकडे वळवले.

संध्याकाळी अक्का एसटीने धुळ्याला आली ती थेट माझ्यापाशीच.

"अक्का, दिसनू का मी?" शेठांनी हळूच विचारले.

"दिसना ना! शेळ्यास्लेबी दिसना." मग तिने शेठांचा हात धरला. "तू आभायमा नही दिसना तरी चाली, भाऊ. पन भाऊबीजले दारमा दिसाले पाह्यजे."

आता आम्ही इतके उंच उडतो की खालून चिमणीएवढे दिसतो. मित्रांनो, तुमच्यापैकी जो वैमानिक होईल, त्याने आपल्या माणसांना असेच चिमणीएवढे दिसावे. जमिनीजवळ यावे ते फक्त उतरताना, आणि तेही धावपट्टीवर.