खोकली की झटक

माझ्या घरात धूळ आहे असं कुणी म्हटलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही. जावयाने मात्र ते हसतहसत म्हटलं आणि वर एक पांढरी डबी माझ्या टेबलावर ठेवली.

तो कारखान्यांतल्या हवेतली धूळ अशाच डबीने मोजतो. त्याची मुलगी, आमची चिमणी, दिवसभर माझ्याकडे असते, आणि नेमकी माझ्याकडेच तिची छाती घरघरते. लेकीने कालच फोनवर सांगितलं होतं, "आई, आता तिला पाळणाघरातच ठेवते." तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"चौदा," जावई डबीवरचा आकडा वाचून म्हणाला. "हवा उत्तम आहे की, आई!"

"मग? मी काय हातावर हात ठेवून बसते?"

तेवढ्यात चिमणी खोकली. माझा नियम ठरलेला. ती खोकली की गादी झटकायची, खोली झाडायची. मी गादी उभी करून चार रट्टे हाणले, कोपरान्‌कोपरा झाडला. जरा बघू दे जावईबापूंना!

"आई, थांबा. तीनशे दहा झाले."

"बिघडली असेल तुमची डबी."

त्याने पडदे ओढले. मधल्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली, आणि मी बघतच राहिले. पट्टीभर कण होते. चढत होते, वळत होते, खाली बसायची कुणालाच घाई नव्हती. चाळीस वर्षं मी या खोलीत वावरतेय, पण हे कधी पाहिलं नव्हतं. इतकं सुंदर होतं ते, की मी भांडायचंच विसरले.

"दिसतात ते जाडे," तो हळूच म्हणाला. "डबी मोजते ते दिसतही नाहीत. ते तासन्‌तास तरंगतात आणि थेट छातीत खोल जातात."

चिमणीने हसत पट्टीत तोंड घातलं. तिने श्वास घेतला, तसे ते कण वळून तिच्या ओठांकडे गेले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती पुन्हा खोकली. माझा हात आपसूक झाडूकडे गेला आणि तिथेच थिजला.

"आजी, मी खोकले ना?" चिमणी म्हणाली. "मग झटक की!"

मी तिला उचललं आणि गॅलरीत पळाले. मला रडू आवरेना.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "आता नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं."